अक्कांचा हात सोडून

आमच्या बाळकुमच्या टॉवरमध्ये हल्ली सोसायटीचं मतदान मोबाइलवर होतं. ठराव येतो, खाली दोन चौकोन असतात, बोट टेकवलं की संपलं. परवा जिमच्या वेळेबद्दल असंच काहीतरी आलं. मी 'मान्य'वर बोट टेकवलं आणि स्वयंपाकघरात एकटीच उभी असताना उगाच उजवा हातही वर केला. लेकीने दारातून विचारलं, "आई, काय चाललंय?" म्हटलं, काही नाही गं, अक्कांची आठवण आली.

अक्का डोंबिवलीजवळ कोपरला, माझ्या सासरच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या गदगकडच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या नवऱ्याला, अण्णांना, डोंबिवलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि नवी नवरी अक्का त्यांच्या मागून एक ट्रंक, एक भाकरीचा तवा आणि कारळ्याच्या चटणीची बरणी घेऊन इथे उतरल्या. तेव्हा त्यांना मराठी बोलता येत नव्हतं. वाचायला त्या दुकानांच्या पाट्यांवरून शिकल्या. माणसं नव्या गावात आली की आधी शेगडी बघतात, दूधवाला बघतात. अक्कांनी आधी मतदार यादीत नाव घालून घेतलं. अण्णा सांगायचे, "घरात गॅस नव्हता. स्टोव्ह शेजारून आणायचो. पण हिचं मत पक्कं झालं होतं."

मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का पन्नाशीच्या पुढे होत्या. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा की जिन्यात बोलल्या तर तळमजल्यावरचं मांजर उठून बसायचं. रोज सकाळी त्यांच्या ज्वारीच्या भाकऱ्यांची थापथाप आमच्या छतातून ऐकू यायची. ती थांबली की सासूबाई म्हणायच्या, "झाल्या अक्कांच्या भाकऱ्या. आता त्या कुणाच्या तरी घरात शिरणार."

आणि त्या शिरायच्याच. पहिल्या भेटीत त्यांनी मला माहेरचं आडनाव विचारलं नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही. म्हणाल्या, "यादीत नाव घातलंस काय गं इथं?" मी म्हटलं, अजून नाही, माहेरचंच आहे. तर माझ्या सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "हिला तुम्ही आणली तर आहे, पण अर्धीच आणली की."

मत घेण्याची त्यांना हौसच होती. कशावरही घ्यायच्या. हळदीकुंकवाला बायका जमल्या की कुंकू लावायच्या आधी विचारायच्या, "शेंगांची चटणी का कारळ्याची? हात वर करा." बहुमत ज्याचं तीच बरणी उघडायची, अल्पमतवाल्यांनी मुकाट खायचं. घरात मात्र दोघंच, त्यामुळे प्रत्येक ठराव बरोबरीत सुटायचा. अण्णांना पंखा पाचवर हवा असायचा, अक्कांना एकवर. तो वर्षानुवर्षं तीनवर फिरत राहिला.

निवडणुकीच्या दिवशी त्या लग्नातलं इरकली लुगडं नेसायच्या. सकाळी आंघोळ, पूजा, आणि मग मजल्यामजल्यावरून बायका गोळा करत शाळेतल्या केंद्राकडे. कुणी म्हणालं, अक्का, पोळ्या व्हायच्यात, की उत्तर ठरलेलं असायचं. "पोळी दुपारी पण लाटता येते. हे नाही." रस्त्यात कुणाला मत देणार याची चर्चा त्यांना अजिबात चालायची नाही. परत येताना एखादी बावळट बोलून जायची, "आमच्या ह्यांनी सांगितलं त्यालाच दिलं बाई." मग अक्का तिच्याशी दोन दिवस बोलायच्या नाहीत. नंतर तिच्या दारात जाऊन म्हणायच्या, "कुणाला दिलंस ते सांगितलंस म्हणजे अर्धं परत घेतलंस."

एकदा मी त्यांना विचारलं, एवढं काय आहे हो त्यात? दुपारची वेळ होती, त्या माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "आमच्या गावात मतदानाला बायकांना ट्रॅक्टरमध्ये बसवून न्यायचे. गौडांची, म्हणजे पाटलांची, माणसं यायची, कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा ते सांगायची. माझा बाप पण सांगायचा. माझी आई मान हलवायची, जायची, यायची. आणि नंतर तिनं कुणाला दिलं ते कधी म्हणजे कधी सांगितलं नाही. बापानं विचारलं, गौडांच्या माणसानं विचारलं. हसायची नुसती. शेवटी आजारी होती तेव्हा मी विचारलं, अव्वा, मला तरी सांग. मला पण नाही सांगितलं." अक्कांनी हातातली शेंग फोडली. "तिचं आयुष्यात काहीच तिचं नव्हतं बघ. पेटीची किल्ली पण सासूकडे. एवढं एकच होतं."

असं असताना या बाईला स्वतःच्या बिल्डिंगमध्ये मत नव्हतं. आणि ही गोष्ट खरी त्याचीच आहे.

आमच्या सोसायटीत मत सभासदाला, आणि सभासद म्हणजे नवरे. फ्लॅटचे कागद त्यांच्या नावावर. वार्षिक सभा खाली पार्किंगमध्ये व्हायची. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे जिन्याच्या पायऱ्यांवर, चहाची किटली सांभाळत. बायकांना ऐकायला मनाई नव्हती. हात वर करायला होती, म्हणजे तशी मनाईही नव्हती, कारण कुणी करतच नव्हतं. अक्का करायच्या.

हे सुरू झालं पाण्यावरून. नगरपालिकेचं पाणी खालच्या टाकीत यायचं आणि आम्हाला ते तासभर सोडलं जायचं, पहाटे पाच ते सहा. सगळ्या बायका साडेचारला उठून पिंपं, बादल्या, हंडे मांडून बसायच्या. ते भरलं की डबे, डबे झाले की आंघोळी, आणि मग माझ्यासारखीने ठाण्याला बँकेत नोकरीला पळायचं. अक्कांचं म्हणणं एवढंच की पाणी रात्री आठला सोडा. पण ठराव आला की पुरुष म्हणायचे, पहाटेच बरं. रात्री आठला बातम्या असतात. सासऱ्यांनी तर एकदा उठून सांगितलं की पहाटेचं पाणी आरोग्याला चांगलं असतं. आयुष्यात त्यांनी एक तांब्या भरला नव्हता.

त्यावर विरोधात किती असं सेक्रेटरींनी विचारलं आणि पायऱ्यांवरून अक्कांचा हात वर गेला. सरळ, कोपर न वाकवता, बांगड्या खाली घसरलेल्या.

सेक्रेटरी तसे सज्जन गृहस्थ होते. खिशाला पेन लावल्याशिवाय ते गच्चीवरसुद्धा जात नसत. ते म्हणाले, "अक्का, तुमचा हात मोजता येत नाही हो. सभासद अण्णा आहेत."

"मोजू नका की," अक्का म्हणाल्या. "मी वर करणार."

आणि तो हात त्यांनी सभा संपेपर्यंत खाली घेतला नाही. चहासुद्धा डाव्या हाताने प्यायल्या. पुढच्या सभेत तेच. त्याच्या पुढच्या सभेत तेच. पाण्याचा ठराव असो, नाहीतर वॉचमनच्या स्वेटरचा, अक्कांचा हात कुठल्या तरी बाजूने वर असायचाच. शेवटी सेक्रेटरींच्या तोंडी ते बसूनच गेलं. ते मोजायचे आणि जाहीर करायचे, "अक्कांचा हात सोडून नऊ." लोक हसायचे. लहान मुलं खेळताना म्हणायची, अक्कांचा हात सोडून चार आउट. आणि मी बँकेतली म्हणून सभेचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, तर मीसुद्धा तसंच लिहायला लागले.

कुणीतरी अण्णांना म्हणालं, "अहो, तुम्हीच करा ना वर हात, अक्कांच्या वतीने. प्रश्न मिटला." अण्णा लाजले. बुटके, मृदू, बोलायच्या आधी घसा साफ करणारे गृहस्थ. पण अक्काच कडाडल्या, "त्यांचा हात त्यांचा. माझा माझा. त्यांना पहाटेचंच पाणी पाहिजे, ते कशाला माझ्यासाठी खोटं सांगतील?" आणि खरंच, अण्णा पहाटे चारला उठणारे. ते दर वर्षी पहाटेच्या पाण्याला हात वर करायचे, बायको मागून विरोधात, आणि सभा संपली की दोघं एकाच छत्रीतून भाजीला जायची.

मग एक दिवस अक्का एकट्याच बस पकडून ठाण्याला गेल्या. सहकार खात्याचं ऑफिस शोधत आधी खोपटला एसटी डेपोतच चौकशी केली म्हणे, तिथल्या कंट्रोलरने चहा पाजून नीट पत्ता सांगितला. ऑफिसात बाकावर बसून राहिल्या आणि एका कारकुनाकडून नियम समजून घेऊन आल्या. फ्लॅटच्या कागदावर दुसरं नाव बायकोचं असेल, आणि नवरा सभेला हजर नसेल, आणि माझ्याऐवजी हिला मत देऊ द्या असं त्याने लिहून दिलेलं असेल, तर बायकोचा हात मोजावा लागतो.

झालं. त्या वर्षीच्या संक्रांतीला अक्कांनी तिळगूळ देताना दर बाईला एकच प्रश्न विचारला, "कागदावर नाव हाय काय तुझं?" बायका म्हणायच्या, रेशन कार्डावर आहे. "ते तांदळाचं. घराच्या कागदावर?" माझ्या सासूबाई सुरुवातीला फणकारल्या, "आम्हाला काय करायचंय मत? घरात चालतंय तेवढं पुरे." अक्का म्हणाल्या, "घरात चालतंय तर पाणी पहाटे पाचला का येतंय?" त्या रात्री सासूबाईंनी सासऱ्यांना आमटी वाढली ती वाटी जरा आपटूनच.

पुरुषांनी नावं घालायला खळखळ केली नाही. त्या परवानगीच्या चिठ्ठीवरही हसत हसत सह्या केल्या. सासरे म्हणाले, "मी कशाला गैरहजर राहतोय! खाली पार्किंगमधली तर सभा." सगळ्यांचंच तसं होतं. सभा म्हणजे त्यांचा रविवारचा मान.

एका घरात मात्र नाव घातलं गेलं नाही. अक्कांच्याच. त्यांच्या कागदावर दुसरं नाव आधीपासून होतं, अण्णांच्या थोरल्या भावाचं. घर म्हटलं की भाऊ हवा, या जुन्या रीतीने घातलेलं. ते नाव काढायचं तर भावाने लिहून द्यायला हवं, आणि भावाकडे मागायचं तर अण्णांनी तोंड उघडायला हवं. थोरल्या भावासमोर अण्णा आयुष्यात कधी खुर्चीवर बसले नव्हते. अक्का एवढ्या तोंडाळ, पण याबाबत नवऱ्याला एका शब्दाने टोचलं नाही. मी चिडून विचारलं, तुम्ही का नाही सांगत त्यांना? म्हणाल्या, "माझ्यासाठी मीच कसं मागू गं? त्यांना वाटायला पाहिजे."

पुढची वार्षिक सभा रविवारी दुपारी चार वाजता ठरली. आणि अक्कांनी अण्णांची साठी त्याच दिवशी गच्चीवर करायचं जाहीर केलं. साठी खरं म्हणजे गुरुवारीच होऊन गेली होती.

काय ते जेवण! पुरणाच्या पोळीला त्यांच्याकडे होळगी म्हणतात. हातभर रुंद, मऊसूत, वर तुपाची धार. भरली वांगी, कटाची आमटी, शेंगांची पोळी वेगळीच. पहिली पंगत पुरुषांची. आणि अक्कांचा आग्रह म्हणजे काय सांगू. माणसाने नको म्हणून पानावर हात आडवा धरला तर त्या हातावर वाढायच्या. सेक्रेटरी दोन्ही हात पसरून म्हणत होते, "अक्का, बास, खरंच बास." त्या दिवशी अक्कांनी पुरुषांचा एकही हात मोजला नाही.

दुसरी पंगत बायकांची. अक्का वाढताना हळूच म्हणाल्या, "एकच खा. बाकीची डब्यात देते."

चार वाजता आम्ही खाली उतरलो तेव्हा बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावरून घोरणं ऐकू येत होतं. सासरे दिवाणावर तोंड उघडं टाकून पडले होते. सेक्रेटरींच्या पत्नी रजिस्टर आणि कपाटाच्या किल्ल्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "दोनदा हलवलं. नुसतं 'आलो' म्हणतात." खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही जरा वेळ सवयीने पायऱ्यांपाशीच उभ्या राहिलो. मग सासूबाईंनी पदर खोचला, पुढे गेल्या आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्यामागे सगळ्या बसल्या.

एकच पुरुष आला. अण्णा. साखरेचा आजार, त्यामुळे त्यांनी होळगीचा तुकडाच मोडला होता आणि ते टक्क जागे होते. येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले.

सासूबाईंनी ठराव वाचला, पाणी रात्री आठला सोडावं. मग म्हणाल्या, "विरोधात?" अण्णांनी घसा साफ केला आणि एकटा हात वर केला. बायका खुदकन हसल्या. "बाजूने?" सगळे हात वर गेले. काहींचे जेमतेम कानापर्यंत, काहींचे ताठ. आणि शेवटच्या खुर्चीवर अक्कांचा, नेहमीसारखा सरळ.

सासूबाई बोटाने मोजत आल्या. अक्कांपाशी त्यांचं बोट थांबलं. आमच्या सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. आम्हाला तिथे बसवणाऱ्या बाईचाच हात मोजता येत नव्हता. सासूबाईंचा चेहरा रडवेला झाला.

अक्काच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थांबलीस का गं? लिही की. अक्कांचा हात सोडून."

मी लिहिलं. लिहिताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मान वर केली तेव्हा अण्णा बायकोच्या वर गेलेल्या हाताकडे बघत होते. इतकी वर्षं ती मागे पायऱ्यांवर असायची. हा हात त्यांनी समोरून पहिल्यांदाच पाहिला असावा.

साडेपाचला सेक्रेटरी सुजलेल्या डोळ्यांनी धावत खाली आले. सगळं ऐकून म्हणाले, "हे असं चालणार नाही!" सासूबाई खुर्चीवरून न उठता म्हणाल्या, "चालेल. नियम तुमचेच आहेत, चिठ्ठ्यांवर सह्याही तुमच्याच. बसा, चहा घ्या." तुम्ही हे मुद्दाम केलंत ना, असं मी नंतर अक्कांना विचारलं. म्हणाल्या, "साठी काय परत परत येते?"

त्या आठवड्यात अण्णा एकटेच गदगला गेले. जाताना कुणाला काही बोलले नाहीत. चार दिवसांनी आले ते ब्याडगी मिरच्यांची पिशवी आणि घरावरचं नाव सोडल्याचा, भावाने सही केलेला कागद घेऊन. तिथे काय झालं ते त्यांनी अक्कांनाही सांगितलं नाही, अक्कांनीही विचारलं नाही. मला मात्र अण्णांनी एकदा जिन्यात थांबवून सांगितलं, सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून. "दादा ओरडला. म्हणाला, बायकोचं ऐकायला लागलास? मी म्हटलं, नाही दादा, मी तिच्या विरुद्धच मत देतो. पण विरुद्ध द्यायला तिला आधी मत असायला पाहिजे की नाही?" घसा साफ करून ते पुढे म्हणाले, "उभ्यानेच बोललो. खुर्चीवर काही बसलो नाही."

पुढच्या वर्षी पुरुषांनी पाणी पुन्हा पहाटे आणण्याचा ठराव मांडला. वर्षभर बातम्या बुडाल्याने ते चवताळले होते. त्या सभेला एकही नवरा झोपला नाही, घरचं साधं वरणभात खाऊन सगळे वेळेवर हजर. काही जणांची मतं मात्र वर्षभरात फिरली होती. सासऱ्यांची फिरली होती, कारण सासूबाईंनी ती फिरवली होती. त्यामुळे काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

अण्णा आले. त्यांना पहाटेचं पाणी हवं होतं, हे आख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. ते आपल्या खुर्चीपर्यंत गेले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. मग सेक्रेटरींच्या हातात चिठ्ठी दिली, म्हणाले, "मी आज सभेला नाही," आणि मागे जाऊन पायरीवर, चहाच्या किटलीशेजारी बसले.

अक्का पुढे आल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या. लग्नातलं इरकली लुगडं नेसून आल्या होत्या.

सेक्रेटरींनी चिठ्ठी वाचली, नीट घडी करून खिशात पेनामागे ठेवली. "ठरावाच्या विरोधात?" हात वर गेले. सेक्रेटरी पहिल्या ओळीपासून मोजत आले. अक्कांपाशी आले, सवयीने त्यांचं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग अक्कांकडे बोट करून ते मोठ्याने म्हणाले, "अकरा." आणि पुढे सरकले.

ठराव पडला. मी लिहून घेतलं. हात खाली आले, खुर्च्या सरकायला लागल्या, किटलीचं झाकण वाजलं. अक्कांचा हात अजून वर होता. बांगड्या कोपराशी आल्या होत्या.

"अक्का," सेक्रेटरी म्हणाले, "मोजला हो तुमचा. घ्या आता खाली."

अक्कांनी हात तसाच ठेवला. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या दिवशी जेमतेम ऐकू येईल असं बोलल्या.

"परत एकदा मोजा की."

सेक्रेटरींनी खिशातलं पेन काढलं, उगाच परत खिशाला लावलं. मग म्हणाले, "बसा हो सगळे. पुन्हा हात वर करा." आणि पहिल्या खुर्चीपासून त्यांनी परत मोजायला सुरुवात केली.